टेस्टरकाकांना बसलेला पहिला शॉक

टेस्टरकाकांना आयुष्यात कधी शॉक बसला नव्हता, आणि ही गोष्ट ते रोज कुणाला ना कुणाला ऐकवत. सारी नोकरी वीजखात्यात गेली, तीही फॉल्ट शोधण्यात. खांबावर चढले, खड्ड्यात उतरले, भर पावसात केबल उघडली, पण झटका म्हणून नाही. निवृत्त झाल्यावरही शर्टाच्या खिशातला टेस्टर काही हलला नाही. लोकांच्या खिशाला पेन असतं, काकांच्या खिशाला टेस्टर. म्हणून अख्खी बिल्डिंग त्यांना टेस्टरकाका म्हणायची, आणि खरं नाव पत्राच्या पेटीवर तेवढं उरलं होतं.

त्यांचं एक तत्त्व होतं. तार बंद आहे असं साक्षात साहेबांनी सांगितलं तरी मानायचं नाही. आधी तपासायचं, मग हात लावायचा, आणि हात लावल्यावरही मधूनमधून तपासत राहायचं. या तत्त्वावर त्यांनी संसारही केला. काकूंनी गॅस बंद केला म्हटलं की काका उठून बघून येत. काकूंनी पहिली काही वर्षं राग धरला आणि मग नाद सोडला.

तर या काकांची लेक दातांची डॉक्टर झाली. कौतुक किती? विचारू नका! पदवीचा कागद काकांनी दिवाणखान्यात लावला, तोही सोफ्यावर बसणाऱ्याची मान आपोआप वर जाईल इतक्या उंचीवर. कुणी पाणी प्यायला आलं तरी त्याला आधी 'आ' करायला लावत आणि म्हणत, "दाखवून घ्या हो. घरचीच डॉक्टर आहे." लेक आतल्या खोलीत कपाळावर हात मारून घेई.

आता लेकीला दवाखाना थाटायचा होता. बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक खोली होती. तिथे सोसायटीच्या मोडक्या खुर्च्या, गंजलेली शिडी आणि कुणाचीच नसलेली सायकल राहायची. कमिटीने ती खोली तात्पुरती दिली. लेकीने ती घासूनपुसून घेतली, रंग दिला, खुर्ची बसवली, दिवा लावला. पण कायमची परवानगी रविवारच्या मीटिंगमध्ये ठरायची होती, आणि तिथे हेडबाईंनी हरकत घेतली होती.

हेडबाई म्हणजे पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या जिन्यात दिसल्या की अजूनही मोठमोठी माणसं शर्ट खोचत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "इथे माणसांच्या हिरड्यांत सुया खुपसून नसा बधिर करणार. उद्या कुणाची नस कायमची गेली, तर उत्तर कोण देणार? मला उत्तर द्या, मग खोली द्या."

प्रश्न हेडबाईंचा म्हटल्यावर बिल्डिंगभर तज्ज्ञ उगवले. त्यांत अग्रभागी दुसऱ्या मजल्यावरचे कंपाउंडर. एका डॉक्टरकडे त्यांनी जन्मभर पुड्या बांधल्या होत्या आणि त्या बळावर ते शरीराच्या कुठल्याही भागावर बोलत. "काका, नस ही अशी गोष्ट आहे," ते जिन्याच्या कठड्याला रेलून म्हणाले, "की ती एकदा झोपली म्हणजे झोपली. माझ्या पाहण्यात एक गृहस्थ आहेत. दाढ काढली, तोंड जे वाकडं झालं ते झालंच."

"कुठली दाढ?"

"ते सोडा हो! तोंड वाकडं झालं हे महत्त्वाचं."

काकांच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्या लेकीच्या सुईवर संशय? आणि योग पाहा, काकांची स्वतःचीच डावीकडची खालची अक्कलदाढ गेले कित्येक महिने ठणकत होती. लेक ती काढू या म्हणून मागे लागली होती, आणि काका 'बघू, बघू' म्हणत लवंग धरून दिवस ढकलत होते. ती दाढ आता त्यांना एकदम अर्थपूर्ण वाटू लागली. शनिवारी दाढ काढायची, रविवारी ठणठणीत तोंडाने मीटिंगला उभं राहायचं आणि गर्जना करायची की हा बघा जिवंत पुरावा. बेत एवढाच होता.

ते तडक सेक्रेटरींकडे गेले. सेक्रेटरी माणूस भला, पण नियमाबाहेर शिंकायचासुद्धा नाही.

"तुमची दाढ विषयपत्रिकेवर नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"दाढ विषयपत्रिकेवर कशी असेल?"

"तेच म्हणतोय. मग ती आयत्या वेळच्या विषयात घ्यावी लागेल. त्याला लेखी अर्ज पाहिजे, आणि दोन सभासदांचं अनुमोदन."

"माझ्या दाढेला?"

"कुणाच्याही दाढेला. मी भेदभाव करत नाही."

काकांनी अर्ज लिहिला. अनुमोदन देताना कंपाउंडरांनी सही केली आणि वर म्हणाले, "तोंड सरळ आहे तोवर एक फोटो काढून ठेवा." काकांनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. खात्यात असताना अशा नजरेने ज्युनियर इंजिनियर शिडीवरून उतरायचे.

लेकीला मात्र हा बेत मुळीच आवडला नाही. "बाबा, दाढ काढायची ती तुम्हाला त्रास आहे म्हणून. लोकांना दाखवायला म्हणून नाही."

"एकाच कामात दोन कामं होतात. तुझं काय जातं?"

"उद्या काही झालं तर माझी खोली जाईल."

"होणारच नाही!" काका म्हणाले, आणि विषय संपला असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत आडवे झाले. लेकीने आधी सगळं विचारलं. रक्तदाब काय, गोळ्या कुठल्या, कशाची अॅलर्जी, आधी कधी असं इंजेक्शन घेतलंय का. काकांना हे फार आवडलं. लाइनवर हात घालण्याआधी सगळं विचारून घेणारी माणसं त्यांना जन्मभर आवडत आली होती. मग ती म्हणाली, "आता नीट ऐका. जबड्याच्या मागे जी नस आहे तिच्या जवळ औषध सोडायचं आहे. अर्धा ओठ, अर्धी जीभ बधिर होईल आणि काही तासांनी पूर्ववत होईल. पण क्वचित सुई नसेला निसटती लागते. तेव्हा करंट बसल्यासारखं होतं. तसं झालं तर लगेच डावा हात वर करायचा."

"कुणाला? मला?" काका हसले. "अगं, अख्ख्या सर्व्हिसमध्ये मला..."

"बाबा, आ करा."

सुई गेली. किंचित टोचलं, इतकंच. काका मनात म्हणाले, वा! आणि त्याच क्षणी जिभेच्या डाव्या कडेवरून असा सणसणीत झटका गेला, की काकांच्या उजव्या पायातली चप्पल उडाली आणि समोरच्या बेसिनखाली जाऊन पडली.

लेकीचा हात जागच्या जागी थांबला. तिने सुई मागे घेतली. "करंट बसला?"

आता काकांनी हात वर करायचा होता. साधी गोष्ट. पण हात वर करायचा म्हणजे एवढ्या वर्षांचा बिनझटक्याचा लौकिक एका दाढेपायी मातीत घालायचा. काकांनी मान हलवली. "छे!"

"चप्पल उडाली तुमची."

"पाय अवघडला होता."

लेकीने सुईची दिशा बदलली, सुई रक्तवाहिनीत नाही ना हे आधी दट्ट्या मागे ओढून पाहिलं आणि मग अगदी सावकाश औषध सोडलं. थोड्या वेळाने काकांचा अर्धा ओठ कुणी उसना नेल्यासारखा नाहीसा झाला. दाढ निघाली तेव्हा काका खिडकीतून दिसणाऱ्या शेजारच्या इमारतीच्या वायरिंगमधले दोष मोजत होते, आणि ती निघाली हे त्यांना लेकीने ट्रेमध्ये दाखवल्यावर कळलं. "संपलं?" त्यांनी विचारलं. त्यांना थोडं फसवल्यासारखंच वाटलं. एवढा अर्ज, एवढं अनुमोदन, आणि दुखलं म्हणून नाही!

जाताना लेकीने बजावलं, "बधिरपणा उतरेपर्यंत काही चावायचं नाही. गरम चहा नाही. आणि ओठाशी चाळा नको."

चहाचं काकांनी पाळलं. चावायचं नाही हेही पाळलं. पण घरी येऊन बसल्यावर त्यांच्यातला फॉल्टवाला जागा झाला. लेक म्हणाली ओठ बधिर आहे, काही तासांनी सप्लाय येईल. ठीक. पण येतोय की नाही हे तपासायला नको? नुसतं सांगितलं म्हणून मानायचं? काकांनी खालचा ओठ दातांत धरला आणि हळूच चावून पाहिला. काहीच कळलं नाही. थोड्या वेळाने परत चावून पाहिला, जरा जोरात. अजून बंद. वर्तमानपत्राचं प्रत्येक पान उलटताना एक टेस्ट, काकूंनी हाक मारली की एक टेस्ट, पंखा लावायला उठले की एक टेस्ट. दुपार अशी गेली. आणि संध्याकाळी सप्लाय आला. असा आला, की काका खुर्चीतून ताडकन उठले.

"अहो," काकू आतून बाहेर आल्या आणि जागीच थबकल्या. "तोंडात काय धरलंय?"

"ओठ," काका म्हणाले.

लेक आली, तिने एकदा पाहिलं. "दात उमटलेत बाबा. तुमचेच आहेत. किती वेळा चावलात?"

"टेस्ट घेत होतो."

लेकीने डोळे मिटले, उघडले. मग बर्फ दिला आणि विचारलं, "जीभ कशी आहे?"

खरं सांगायचं तर जिभेच्या डाव्या कडेला मुंग्या येत होत्या. ओठाचा सप्लाय आला, जिभेचा अर्धवट आला होता. गरम चहाने पोळल्यावर वाटतं ना, तसं काहीतरी. पण उद्या मीटिंग. "जीभ एकदम ओके," काका म्हणाले, आणि तोंड फिरवून बर्फ लावत बसले.

सकाळी तो ओठ काकांच्याही पुढे चालत होता. दूध घ्यायला दार उघडलं तर समोर नेमके कंपाउंडर. त्यांनी काकांना डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं आणि अत्यंत समाधानाने म्हणाले, "झालं वाकडं."

"थुजलाय. वाकडं नाही," काका म्हणाले.

"बोबडीही वळली! अरेरे!" आणि कंपाउंडर दूध न घेताच खाली धावले. काका दात घासून, आंघोळ करून, शर्ट चढवून खाली उतरेपर्यंत बातमी पार्किंगपर्यंत पोचली होती आणि वाटेत तिला बरंच बाळसं आलं होतं. एक बाई काकूंना विचारत होत्या, "आता ते कायमचे पातळच खाणार का हो?"

पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. काका पहिल्या रांगेत रुमाल ओठाला लावून बसले. मागे कुजबुज चालली होती, आणि त्यांना पाठीला डोळे फुटल्यासारखी ती सगळी दिसत होती. ज्या बिल्डिंगच्या प्रत्येक घरातला फ्यूज आपण बदलला, ती बिल्डिंग आपल्याकडे वायर तुटलेल्या खांबाकडे बघावं तशी बघतेय! लेक कडेच्या खुर्चीत शांत बसली होती. तिने खोलीला रंग स्वतः दिला होता, त्याचा एक ठिपका अजून तिच्या घड्याळाच्या पट्ट्यावर होता. तो ठिपका काकांना दिसला. आपल्या हौसेपायी पोरीची खोली जाणार, हे आत्ता कुठे त्यांच्या नीट डोक्यात शिरलं.

सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीचा विषय घेतला, मग गच्चीच्या किल्लीचा घेतला, आणि मग खाकरून म्हणाले, "आयत्या वेळचा विषय. काकांची दाढ."

काका उठले. रुमाल खिशात घातला. आता होऊन जाऊ दे, या आवेशाने त्यांनी सुरुवात केली. "थभाथदहो," ते म्हणाले. मागे कुणीतरी फिसकन हसलं. काकांनी लक्ष दिलं नाही. ओठ आवरत, अक्षरं एकेक करून बाहेर काढत ते बोलत राहिले. हा ओठ मीच चावला, इंजेक्शनचा त्यात काही दोष नाही. इंजेक्शन शंभर टक्के सुरक्षित असतं. नसेला काही म्हणता काही होत नाही, कुणाला झालेलं नाही, कधी होणार नाही. "मी गॅरंटी देतो," काका छातीवर हात ठेवून म्हणाले.

हेडबाई लेकीकडे वळल्या. "डॉक्टर, तुम्हीही ही गॅरंटी देता?"

लेक उठली. "नाही," ती म्हणाली.

काकांना वाटलं आपल्या कानाचीही नस गेली.

"नाही देत," लेक म्हणाली. "ही इंजेक्शनं जगभर रोज दिली जातात आणि बहुतेकांना काहीही होत नाही. पण क्वचित नसेला इजा होते. कधीच होत नाही असं मी कुणालाच सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. बाबांचं काय झालंय ते आत्ताच तुमच्यासमोर बघू. बाबा, चालेल ना?"

नाही म्हणायची सोय नव्हती. तिने पिशवीतून कापूस काढला, त्याची बारीक वात वळली आणि काकांना डोळे मिटायला सांगितले. वात ओठाला लागली. "डावीकडे," काका म्हणाले. पुन्हा लागली. "मध्ये." पुन्हा. "अगदी टोकाला. आणि दुखतंय!" बरोबर होतं सगळं. कुणीतरी टाळी वाजवली. सेक्रेटरींनी नोंद घेतली.

"आता जीभ बाहेर."

ज्या माणसाच्या शब्दावर गावाची लाइन चालू-बंद झाली, तो माणूस अख्ख्या सोसायटीसमोर डोळे मिटून, जीभ बाहेर काढून उभा राहिला. उजवीकडे वात लागली, काकांनी बोट वर केलं. मग थोडा वेळ गेला. डावीकडे वात लागली असावी. किंवा नसावी. मुंग्या तर होत्याच, त्यांत वात कुठली आणि मुंगी कुठली? बोट वर केलं की खोली पोरीची. साधा अंदाज मारायचा होता, आणि ऐन कामाच्या वयात काकांनी याहून अवघड अंदाज बरोबर मारले होते. बोट जरासं हललंसुद्धा.

"अंदाज करू नका, बाबा," लेक हळूच म्हणाली. "मला खरं पाहिजे."

आवाज तिचा होता, पण त्यात काकांना स्वतःचंच जुनं तत्त्व ऐकू आलं. तिला खोली जाईल हे ठाऊक होतं. समोर कंपाउंडर टपून बसलेत हेही ठाऊक होतं. आणि तरी तिला खरं तेच पाहिजे होतं. काकांनी जीभ आत घेतली आणि डोळे उघडले.

"बाळ, डाव्या कडेला नीट कळत नाही," ते म्हणाले. "मुंग्या येतात. काल संध्याकाळपासून. तुला खोटं सांगितलं." त्यांनी उजव्या पायाकडे पाहिलं. "आणि काल करंट बसला होता. चप्पल त्यानेच उडाली."

"म्हटलं नव्हतं?" कंपाउंडर उभेच राहिले. "नस गेली!"

"गेलेली नाही," लेक म्हणाली. "सुई निसटती लागली तेव्हा मला कळलं होतं. मी सुई मागे घेऊन दिशा बदलली. अशा वेळी बहुतेक वेळा काही आठवड्यांत सगळं पूर्ववत होतं. काहींना जास्त काळ लागतो. फार थोड्यांना थोडंफार राहून जातं. बाबांचं राहील असं मला वाटत नाही, पण मी दर आठवड्याला तपासेन, आणि बरं होईना झालं तर माझ्याहून मोठ्या डॉक्टरांकडे स्वतः घेऊन जाईन. प्रत्येक पेशंटला मी हे सुई टोचण्याआधी सांगणार आहे. त्यामुळे कुणी आलं नाही तर न येवो." एवढं बोलून ती खाली बसली.

हेडबाई उठल्या. सगळ्यांनी पाठ ताठ केली.

"माझ्या बहिणीची दाढ काढली होती," त्या म्हणाल्या. "ओठ अर्धं वर्ष बधिर होता. ती डॉक्टरांकडे गेली की ते म्हणायचे, काही झालेलं नाही, तुमच्या मनाचे खेळ आहेत. ओठ बरा झाला हो तिचा. पण त्या दिवसांत तिला वाटायचं आपल्याला वेड लागतंय. पाणी गळायचं ओठांतून, आणि हा माणूस म्हणायचा मनाचे खेळ." त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "मी उत्तर मागितलं होतं. ते मला आज मिळालं, आणि सख्ख्या बापाच्या तोंडावर मिळालं. माझी हरकत मी मागे घेते."

"ती लेखी मागे घ्यावी लागेल," सेक्रेटरी म्हणाले.

"सेक्रेटरी, खाली बसा," हेडबाई म्हणाल्या, आणि सेक्रेटरी आयुष्यात पहिल्यांदा नियम सोडून खाली बसले.

खोली मिळाली. मंडळी उठली, खुर्च्या खडखडल्या, कंपाउंडर 'मी तरी हेच म्हणत होतो' असं सांगत फिरू लागले. काका मात्र जागेवरून हलले नाहीत. काकूंनी विचारलं, "डोळ्यांत पाणी का? ओठ दुखतोय?" काका म्हणाले, "फार." पण ओठ दुखत नव्हता. आपली पोर आपल्याहून मोठी झालेली त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि एवढा अभिमान एका छातीत मावत नव्हता.

त्यानंतर काका दर आठवड्याला दवाखान्यात तपासायला जाऊ लागले. मुंग्या हळूहळू विरळ झाल्या. एका तपासणीला वात लागल्याबरोबर त्यांनी असं जोरात बोट वर केलं, की लेक हसायलाच लागली. तिने दोनतीनदा फसवूनही पाहिलं, वात न लावता. काका फसले नाहीत. जीभ पूर्ववत झाली होती.

पुढच्या आठवड्यात तपासायचं काही नव्हतं, तरी काका गेले. बाहेरच्या बाकावर एक अनोळखी बाई गाल धरून बसल्या होत्या. काकांना पाहून त्यांनी घाबरत घाबरत विचारलं, "तुम्ही यांच्याकडे नेहमी येता का? इंजेक्शनने नसेला काही होत नाही ना हो?"

'शंभर टक्के' अगदी ओठांवर आलं होतं. काकांनी ते गिळलं.

"ते आत डॉक्टरांना विचारा," ते म्हणाले. "त्या खरं काय ते सांगतील. ऐकायला जरा जड जाईल, पण त्या गोड बोलून टोचणाऱ्यांतल्या नाहीत."

बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला. "तुम्ही त्यांचे पेशंट का?"

"हो," काका म्हणाले. एवढ्यावर थांबायचं, असं लेकीने त्यांच्याकडून कबूल करून घेतलं होतं. दवाखान्यात बापपणा मिरवायचा नाही, पेशंटवर दडपण येतं. काकांनी छताकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, बोर्डावरची वेळ वाचली. आतून लेकीचा आवाज येत होता. ती कुणाला तरी सावकाश, न कंटाळता समजावून सांगत होती की नस म्हणजे काय, औषध काय करतं आणि क्वचित काय होऊ शकतं.

काका बाईंकडे किंचित झुकले.

"मुलगी आहे माझी," ते म्हणाले.